शार्दांच्या चित्रात ‘काहीच घडत नाही’, मग बघायचं काय?

एका कलाशिक्षिकेने प्रश्न विचारला आहे. थोडक्यात तो असा: “वरच्या वर्गातल्या मुलांना अठराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार झाँ सिमेओं शार्दां दाखवला. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, यात तर काहीच घडत नाही. तीन सफरचंदं आहेत आणि एक पेला आहे.’ मला उत्तर सुचलं नाही. हा माणूस कोण होता, काम कसं करायचा आणि त्याला एवढं मोठं का मानतात, ते सविस्तर सांगाल का?”

ताई, त्या मुलीला चूक ठरवू नका. तिने जे दिसलं ते सांगितलं, आणि शार्दांच्या हयातीत पॅरिसच्या राजेशाही कला अकादमीतल्या जाणत्यांचं म्हणणंही याहून फार वेगळं नव्हतं. फेलिबियाँ नावाच्या लेखकाने १६६७ साली चित्रप्रकारांची उतरंडच लिहून ठेवली होती. तळाशी फळं, फुलं, शिंपले. त्यावर निसर्गदृश्य, त्यावर जिवंत प्राणी, त्यावर माणसाचं चित्र, आणि अगदी वर पुराणातले, इतिहासातले प्रसंग. म्हणजे ज्यात काही घडतं ते थोर. अकादमीत प्राध्यापक व्हायचं तर प्रसंगचित्रं काढणाराच हवा. शार्दां आयुष्यभर तळाच्या पायरीवर बसून राहिला. मधली काही वर्षं तो माणसांची चित्रं काढायला उठला आणि पुन्हा येऊन तिथेच बसला. वस्तुचित्रं रंगवण्यात आणि शिकवण्यात माझी तीसेक वर्षं गेली आहेत, आणि त्या पायरीवर बसून त्याने जे केलं ते मला अजून पुरतं उमगलेलं नाही. जेवढं उमगलं तेवढं सांगतो.

शार्दांचा जन्म २ नोव्हेंबर १६९९चा, पॅरिसमधला, सेन नदीच्या डाव्या तीरावरच्या वस्तीतला. वडील कसबी सुतार. बिलियर्डची टेबलं बनवण्यात त्यांचा हातखंडा होता आणि त्यांची टेबलं राजाकडेही जात. बिलियर्डचं टेबल म्हणजे केसभर उतार चालत नाही अशी वस्तू. शार्दांच्या चित्रातली दगडी फळी किंवा टेबलाची कड पाहिली की मला त्या सुताराची आठवण होते. ती कड चित्रातल्या प्रत्येक वस्तूचं वजन पेलते. अर्थात हा माझा आडाखा, पुरावा नव्हे.

मुलाने बापाचा धंदा उचलला नाही, त्याला चित्रकार व्हायचं होतं. पण लॅटिन, पुराणं, प्राचीन इतिहास हे शिक्षण त्याला मिळालं नव्हतं, आणि त्याची खंत त्याला पुढे वाटत राहिली, असं त्याचा मित्र कोशां लिहितो. हा कोशां खोदकाम करून छापचित्रं बनवणारा आणि अकादमीचा सचिव. शार्दांच्या मृत्यूनंतर त्याने मित्राचं छोटं चरित्र लिहिलं. पुढचे बरेच किस्से त्याच्याच लिखाणातले आहेत.

पहिले गुरू पिएर जाक काझ. त्यांच्याकडे शिक्षण म्हणजे गुरूच्या रेखाटनांच्या नकला. समोर प्रत्यक्ष वस्तू ठेवून काम करायची वेळ जवळपास येतच नसे. नंतर नोएल निकोला क्वापेल या चित्रकाराने त्याला मदतनीस म्हणून बोलावलं. एका शिकाऱ्याच्या व्यक्तिचित्रात बंदूक रंगवायची होती. क्वापेलने ती बंदूक कुठे ठेवायची, तिच्यावर उजेड कुठून पडायला हवा, हे इतक्या काळजीने जुळवलं की शार्दां चकित झाला. एका साध्या बंदुकीसाठी एवढं! तोवर कोणी त्याला असं सांगितलंच नव्हतं. वडिलांच्या ओळखीच्या एका शल्यचिकित्सकाच्या दुकानासाठी त्याने लांबलचक पाटीही रंगवली. तलवारीच्या झटापटीत जखमी झालेला माणूस दारात आणलाय आणि भोवती बघ्यांची गर्दी, असं ते दृश्य. बघा, सुरुवात ‘काहीतरी घडणाऱ्या’ चित्रानेच झाली होती.

मग एक ससा आला. मेलेला, शिकारीतला. शार्दांला तो रंगवावासा वाटला आणि तिथे तो अडला. केस एकेक करून काढावेत तर ससा राहत नाही, केसांचा ढीग होतो. कोशांने लिहिलंय की तेव्हा तो स्वतःशी असं म्हणाला: मी आजवर जे पाहिलं ते विसरायला हवं, इतरांनी अशा वस्तू कशा रंगवल्या तेही विसरायला हवं, आणि ससा एवढ्या अंतरावर ठेवायला हवा की बारीकसारीक काही दिसणारच नाही. मग त्याने आकाराचा एकूण गोळा, रंगाची छटा, गोलाई, उजेड आणि सावली एवढंच नीट पकडायचं ठरवलं.

ताई, शार्दांची सगळी शाळा या एका सशात आहे. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेलं मूल वस्तुचित्राच्या पेपरात काय करतं ते तुम्ही दरवर्षी बघता. तांब्या दिसला की ते आधी ‘तांब्या’ हा शब्द काढतं. तोंड गोल असतं म्हणून गोल, तळ सपाट असतो म्हणून सपाट. समोर दिसणारी लंबगोल कड आणि तांब्याची ओळख या दोहोंत ओळख जिंकते. शार्दांने ही ओळख बाजूला सारण्यासाठी अंतराचा उपयोग केला. मी वर्गात मुलांना डोळे किलकिले करायला सांगतो, त्यामागे हेच आहे.

१७२८ साली त्याने दोन मोठी चित्रं अकादमीपुढे ठेवली, ‘पाकट’ (म्हणजे समुद्रातला रुंद, चपटा मासा) आणि ‘फळांची मांडणी’. सभासद ज्या दालनातून आत जात तिथे त्याने आपली चित्रं सहज ठेवल्यासारखी ठेवून दिली. वृद्ध चित्रकार लार्जिलिएरची नजर पडली. त्यांनी भरभरून स्तुती केली आणि ही कोणा चांगल्या फ्लेमिश चित्रकाराची कामं असावीत असं बोलून गेले. मग शार्दांने सांगितलं की ती माझी आहेत. २५ सप्टेंबर १७२८ला एकाच बैठकीत त्याचा अर्ज मंजूर झाला आणि तो पूर्ण सभासदही झाला. या दोन टप्प्यांत एरवी बराच काळ जाई. त्याला मिळालेला दर्जा मात्र तळाचाच होता, ‘प्राणी आणि फळं रंगवणारा’.

ते ‘पाकट’ आज पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. रुंदी जवळपास दीड मीटर. कोकणातल्या वाचकाला या चित्राबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही. आकड्याला टांगलेलं, पोट फाडलेलं पाकट. पांढऱ्या कातडीखाली गुलाबी मांस, आतड्यांचा लाल ओला भाग. वर एक केविलवाणा चेहरा आपल्याकडे बघत असल्याचा भास होतो, पण ते डोळे नाहीत. पाकटाच्या पोटाकडच्या बाजूला नाकपुड्या आणि तोंड असतं, डोळे पाठीकडे. शार्दांने समोर होतं तेच रंगवलंय आणि तरी आपल्याला चेहरा दिसतो. डावीकडे उघडलेल्या कालवांवर पाय रोवून, पाठ कमानीसारखी करून एक मांजराचं पिल्लू उभं आहे. उजवीकडे भांडी, पांढरं फडकं, आणि टेबलाच्या कडेबाहेर आलेली सुरीची मूठ. ती मूठ आपल्याकडे झुकलेली असल्यामुळे चित्राच्या आत जायला वाट होते.

रंगारी म्हणून मला यात सगळ्यात थक्क करतात ते पांढरे रंग. पाकटाचं पोट पांढरं, फडकं पांढरं, कालवांचे शिंपले पांढरे, पण एकही दुसऱ्यासारखा नाही. पोटाचा पांढरा निळसर-गुलाबी आणि ओलसर, फडक्याचा कोरडा आणि जाडसर, शिंपल्यांचा करडा, मोत्याची झाक असलेला. वर्गात चार पांढऱ्या वस्तू एकत्र ठेवून रंगवायला सांगा, म्हणजे मुलांना ही अवघड जागा कळेल.

१७३१ साली त्याचं मार्गरीत सँतार हिच्याशी लग्न झालं. मुलगा झाला, मग मुलगी. १७३५मध्ये बायको गेली आणि पुढे ती लहानगीही गेली. घरात विधुर बाप आणि लहान मुलगा. याच दशकात त्याच्या चित्रांत माणसं आली, म्हणून काही जण या दोन गोष्टी जोडतात. मला तो सांधा ओढूनताणून जुळवलेला वाटतो, कारण माणसांची चित्रं बायको हयात असतानाच, १७३३च्या सुमाराला सुरू झाली होती. त्यामागचं निमित्त साधं आहे. मित्र आवेद व्यक्तिचित्रं काढायचा. त्याने एकदा चारशे लिव्रचं (लिव्र हे तेव्हाचं फ्रेंच नाणं) काम कमी पैशांचं म्हणून नाकारलं. शार्दां म्हणाला, चारशे म्हणजे चांगलेच की. आवेदने सुनावलं, “हो, माणूस रंगवणं सॉसेज रंगवण्याइतकं सोपं असतं तर!” शार्दांला ते लागलं. मासे, भाज्या, भांडी यांना गिऱ्हाईक मर्यादित आहे हेही त्याला दिसत होतंच.

मग आली स्वयंपाकघरातली बाई, तांब्याच्या तोटीच्या हंड्यातून पाणी घेणारी. बाजारातून पाव आणि मांस घेऊन आलेली, ओझं टेकवून क्षणभर उभी राहिलेली मोलकरीण. सलगम सोलता सोलता हात थांबून शून्यात बघणारी पोरगी. जेवणापूर्वी लहानग्याकडून प्रार्थना म्हणवून घेणारी आई. हे शेवटचं चित्र, ‘ल बेनेदिसिते’, आणि ‘कष्टाळू आई’ अशी दोन चित्रं १७४०मध्ये पंधराव्या लुईला भेट देण्यात आली. त्याच काळात बूशेसारखे चित्रकार गुलाबी देवता आणि ढग रंगवत होते आणि दरबार त्यांच्यावर लट्टू होता. दरबारातच हे पातेलं, हा पळा, खुर्चीला अडकवलेला हा मुलाचा ढोल पोहोचला.

याच काळातली तीन चित्रं तुमच्या त्या मुलीला जरूर दाखवा. एकात मुलगा साबणाचा फुगा फुगवतोय. दुसऱ्यात मुलगा पत्त्यांचं घर बांधतोय. तिसऱ्यात, १७३८च्या चित्रात, जवाहिऱ्या गोदफ्रुआचा मुलगा टेबलावर फिरणारा भोवरा पाहतोय. पुस्तकं, दौत, कागद त्याने बाजूला सारलेत आणि भोवरा किंचित कलला आहे. फुगा फुटायचा आहे, घर कोसळायचं आहे, भोवरा पडायचा आहे. घडणार आहे, पण अजून घडलेलं नाही. शार्दांने बरोबर त्या श्वास रोखलेल्या क्षणात चित्र थांबवलं. आणि मुलांच्या चेहऱ्यावर काय आहे? हसू नाही, उत्साह नाही. खेळणारं मूल एकटं असताना जसं दिसतं तसं, पूर्ण गुंतलेलं. लहान मुलांना इतक्या आदराने पाहणारे चित्रकार मला फार भेटलेले नाहीत.

या चित्रांच्या छापप्रती निघाल्या. लेपिसिए, स्युर्युग, फियल अशा कसबी लोकांनी ती ताम्रपटावर खोदली आणि ती मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर गेली. छापचित्राखाली चार ओळींचं उपदेशपर पद्य असे, आळसाचे तोटे, बालपणाची क्षणभंगुरता वगैरे. मूळ चित्रात असा उपदेश नाही. शार्दांवर ‘नीतिमान गृहस्थी जीवनाचा चित्रकार’ असा शिक्का बसला, त्यात या पद्यांचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे. चित्र दाखवताना ती पद्यं बाजूलाच ठेवलेली बरी.

१७४४मध्ये त्याने फ्राँस्वाज मार्गरीत पूजे या सुस्थितीतल्या विधवेशी दुसरं लग्न केलं. पैशाची ओढाताण थांबली. १७५२मध्ये राजाकडून ५०० लिव्रचं वर्षासन मिळालं, १७५७मध्ये लूव्ह्र राजवाड्यात राहायला जागा मिळाली. १७५५पासून तो अकादमीचा खजिनदार झाला आणि विस्कटलेले हिशोब त्याने सुमारे वीस वर्षं सांभाळले. त्याच सुमारास अकादमीच्या सार्वजनिक प्रदर्शनात, ज्याला ‘सालों’ म्हणत, चित्रं टांगायचं काम त्याच्याकडे आलं. हे काम कटकटीचं. भिंत छतापर्यंत चित्रांनी भरायची, कोणाचं चित्र डोळ्यांसमोर येणार आणि कोणाचं छताला जाणार हे ठरवायचं, आणि मग रुसवे-फुगवे झेलायचे. पण कोणाच्या शेजारी कोण बसलं की कोण उजळतं आणि कोण विझतं, हे जो आयुष्यभर फळांच्या बाबतीत करत आला, त्याच्याकडे हे काम जावं हे मला अगदी योग्य वाटतं.

या प्रदर्शनांवर दिदरो समीक्षा लिहायचा. विश्वकोशाचा संपादक, तत्त्वज्ञ, कडक जिभेचा माणूस. १७६५च्या प्रदर्शनाच्या वेळी शार्दां त्याला आणि इतरांना काय म्हणाला ते त्याने नोंदवून ठेवलंय. मी प्रत्येक नवीन तुकडीला ते वाचून दाखवतो, म्हणून इथे त्याचा सारांश देतो. शार्दां म्हणाला: गृहस्थहो, जरा सबुरीने घ्या. इथलं सगळ्यात वाईट चित्र शोधा, आणि लक्षात ठेवा की इतकंही वाईट आपल्याला कधी जमणार नाही या निराशेने दोन हजार अभाग्यांनी दातांखाली कुंचले मोडलेत. सात-आठ वर्षांचे असताना आमच्या हातात पेन्सिल धरायचं साधन देतात. आधी डोळे, तोंडं, नाकं, कान यांच्या नकला, मग हातपाय. मग कितीतरी काळ पाठ वाकवून प्राचीन पुतळ्यांसमोर बसायचं. या पुतळ्यांनी किती अश्रू काढवलेत ते तुम्ही पाहिलेलं नाही. एवढं झाल्यावर जिवंत माणूस समोर आणून बसवतात आणि आजवर शिकलेलं सगळं निरुपयोगी वाटायला लागतं. आणि मग तो असं म्हणाला की ज्याला कलेची अवघडता जाणवलीच नाही त्याच्या हातून धड काही होत नाही, आणि माझ्या मुलासारखं ज्याला ती फार लवकर जाणवली त्याच्या हातून काहीच होत नाही.

त्या शेवटच्या वाक्यामागे त्याचं सगळ्यात मोठं दुःख आहे. मुलगा झाँ पिएर याला त्याने प्रसंगचित्रकार करायचं ठरवलं होतं. जी उतरंड स्वतः चढू शकला नाही ती मुलाने चढावी. मुलाने १७५४मध्ये अकादमीचं मोठं पारितोषिकही मिळवलं आणि तो रोमला शिकायला गेला. पुढे त्याच्या हातून काही उभं राहिलं नाही. परतीच्या वाटेवर १७६२मध्ये इंग्रज चाच्यांनी त्याला पकडलं, तो सुटला, आणि काही वर्षांनी व्हेनिसमध्ये त्याचा अंत झाला. तो तिथल्या कालव्यात बुडाला असं सांगतात. थोर कामाचा आग्रह धरणाऱ्या बापाने जगापुढे ‘सबुरीने घ्या’ म्हणावं, यामागे काय असेल ते आपल्याला कळू शकतं.

आता काम कसं करायचा ते सांगतो, कारण खरा प्रश्न तोच आहे.

तो फार सावकाश काम करायचा. समोर वस्तू असल्याशिवाय काही करत नसे, आणि पहिल्या रेषेपासून शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत वस्तू समोरच. त्याला रंगवताना पाहिलेला माणूस आपल्याला कधी भेटला नाही असं दिदरोने लिहिलंय. ब्रशइतकाच तो अंगठाही वापरतो अशी वदंता होती. चित्रांचे पृष्ठभाग बारकाईने पाहिले तर ती वदंता खोटी वाटत नाही. रंगाचे थर जाड, खरबरीत, एकावर एक चढवलेले, आणि खालचा थर वरच्याच्या फटींतून श्वास घेतो. दिदरोने हेच पकडलं: रंगाच्या जाड थरांमधून परिणाम खालून वर झिरपत येतो, तर काही ठिकाणी कॅनव्हासवर वाफ फुंकल्यासारखी दिसते. जवळ गेलात तर सगळं विस्कटतं, सपाट होतं, नाहीसं होतं. मागे सरलात की पुन्हा सगळं जागच्या जागी. सशाच्या वेळी ठरवलेलं अंतर इथे प्रेक्षकालाही पाळावं लागतं.

दिदरोने हे लिहिलं ‘ऑलिव्हची बरणी’ या चित्राबद्दल. ते १७६०चं, पण सालोंमध्ये लागलं १७६३ साली. ती बिस्किटं उचलून खावीत, ते संत्रं कापून पिळावं, तो वाइनचा पेला तोंडाला लावावा असं त्याला झालं. अरे शार्दां, तू पॅलेटवर पांढरा, लाल, काळा रंग घोटत नाहीस, वस्तूंचं द्रव्यच घोटतोस, हवा आणि उजेड ब्रशच्या टोकावर घेऊन कॅनव्हासला लावतोस, असं तो लिहून गेला. ‘पाकट’ पाहून तर त्याने पिएर नावाच्या प्रसंगचित्रकाराला उद्देशून लिहिलं की अकादमीत जाल तेव्हा हे चित्र नीट बघा, किळसवाणी वस्तू कौशल्याने कशी सावरायची ते जमलं तर शिका. हाच पिएर १७७०मध्ये अकादमीचा प्रमुख झाला आणि शार्दांचे उतरणीचे दिवस तिथून सुरू झाले.

आता तुमच्या वर्गातली ती सफरचंदं. तुम्ही दाखवलेलं चित्र बहुधा लूव्ह्रमधलं ‘चांदीचा पेला’, साधारण १७६८चं. तीन सफरचंदं, दोन चेस्टनट, चमचा ठेवलेला एक वाडगा आणि चांदीचा पेला. मागे काहीच नाही. तपकिरी, करडी, हिरवट भिंत, तीही कुठे संपते ते कळत नाही. मी पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मलाही ते अंधारं आणि रिकामं वाटलं होतं. मग पेल्याकडे लक्ष गेलं. चांदीला स्वतःचा रंग नसतो. तो पेला सफरचंदांच्या लालीतून बनलाय, भिंतीच्या करड्यातून आणि खिडकीच्या एका पांढऱ्या ठिपक्यातून. चांदीसाठी वेगळा रंग त्याने घेतलेलाच नाही. लाल रंग पेल्यात गेलाय, वाडग्याच्या पोटात गेलाय, फळीवरच्या सावलीतही मंद उतरलाय. एका फळाचा रंग चित्रभर फिरून आलाय. प्रत्येक वस्तू शेजारच्या वस्तूची थोडीशी झाली आहे.

वर्गात मी हे ‘शेजार’ म्हणून शिकवतो. परीक्षेच्या तयारीत आपण मुलांना एकेक वस्तू पूर्ण करायला शिकवतो. आधी मडकं, मग फळ, मग ड्रेपरी म्हणजे चुण्यांचं कापड, आणि शेवटी पार्श्वभूमीला एक सपाट रंग. त्याने वस्तू उत्तम येतात, पण त्या एकमेकींना ओळखत नाहीत. शार्दांचा मार्ग उलटा आहे. स्टीलचा पेला, दोन चिकू आणि एक मातीचा वाडगा ठेवा. उजेड एकाच बाजूने, एकाच खिडकीतून, ट्यूबलाइट बंद. पार्श्वभूमी आणि फळी आधी रंगवायला लावा. मग सगळ्या वस्तू एकाच वेळी, मोठ्या ठोकळ छटांमध्ये. चमकणारा ठिपका सगळ्यांत शेवटी, आणि एकच. मुलं तो ठिपका आधी द्यायला जातात कारण त्याने वस्तू लगेच चकाकते. मग बाकीचं चित्र त्या चकाकीच्या मागे धावत राहतं.

रंगांबद्दल एक. त्याची पॅलेट म्हणजे मुख्यतः मातीचे रंग आणि सफेदा. तो सफेदा शिशाचा. तैलरंगातल्या अशा द्रव्यांनीच त्याचे डोळे खराब झाले असं मानतात. सत्तरीत तैलरंग झेपेनासे झाले तेव्हा त्याने पेस्टल, म्हणजे रंगीत खडू, हाती घेतले, आणि १७७१च्या प्रदर्शनात चष्मा लावलेलं, डोक्याला फडकं बांधलेलं आत्मचित्र ठेवलं. १७७५मध्ये आणखी एक, या वेळी डोळ्यांवर हिरव्या झापडीची टोपी. त्याच वर्षी बायकोचं पेस्टलही. जवळून पाहिलंत तर गालावर निळ्या, हिरव्या, लाल रेषा एकमेकींत न मिसळता शेजारी ओढलेल्या दिसतात. पुढे चित्रकार सेझांने १९०४ साली आपला तरुण चित्रकार मित्र एमिल बेर्नारला लिहिलेल्या पत्रात चष्मा आणि झापडीच्या पेस्टलची आठवण काढली, आणि नाकावरून उजेडाचा एक हलका प्रतल आडवा नेल्याने छटा डोळ्यांना कशा अधिक नीट दिसतात याकडे लक्ष वेधलं. डोळे जात असताना हे काम झालंय. दृष्टी अंधुक झाल्यावर तपशील आपोआप गळतो, आणि जो तरुणपणापासून तपशील मुद्दाम गाळत आलाय त्याच्या हातात मुख्य ते उरतं, असं मला ते चित्र पाहताना वाटलं.

शेवटची वर्षं ओढग्रस्तीची गेली. १७७४मध्ये त्याने खजिनदारी सोडली. वर्षासन वाढवण्याची विनंती मान्य झाली नाही. १७७९च्या प्रदर्शनात त्याने मांडलेलं एक छोटं पेस्टल पंधराव्या लुईची मुलगी मादाम व्हिक्तोआर हिला फार आवडलं, तिने त्याला सोन्याची तपकिरीची डबी पाठवली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला तो गेला.

मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, चित्रकार दाविदचे रोमन वीर आले, आणि शार्दांची भांडी मागे पडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गाँकूर बंधू या लेखकद्वयाने त्याच्यावर लिहिलं, ला काझ नावाच्या रसिक डॉक्टरने आपला संग्रह १८६९मध्ये लूव्ह्रला दिला, त्यात शार्दांची चित्रं होती, आणि मग चित्रकारांना तो नव्याने सापडला. मातीसने ‘पाकट’ची नक्कल केली, सुतिनने स्वतःचं पाकट रंगवलं. २०२२मध्ये त्याचं ‘रानस्ट्रॉबेरींची टोपली’ पॅरिसच्या लिलावात दोन कोटी चाळीस लाख युरोंहून अधिकला गेलं. ते देशाबाहेर जाऊ नये म्हणून फ्रान्सने त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवलं, लूव्ह्रने लोकांकडून वर्गणी गोळा केली, आणि २०२४मध्ये चित्र लूव्ह्रमध्ये आलं. एक टोपली, पाण्याचा ग्लास, दोन पांढरी फुलं, एक पीच, दोन चेरी.

त्या मुलीला एवढंच सांगा की पुढच्या तासाला ‘चांदीचा पेला’ पुन्हा समोर ठेवीन, आणि तिने सफरचंदं हाताने झाकून घ्यावीत. मग उरलेल्या चित्रात लाल रंग कुठे कुठे आहे ते मोजायचं. पेल्याच्या पोटात सापडेल, वाडग्याच्या बुडाशी सापडेल. फळीवर सावली संपते तिथे सापडायला जरा वेळ लागेल. तो वेळ तिला द्या.